मिनिटाला सव्वीस फेरे

मांडवी, रत्नागिरी
गुरुवार, ता. १७ जानेवारी १९८५

ती. भिकाजीमामांस,

मालनचा वाकून नमस्कार. इथे सगळी ठीक आहेत. आईचा खोकला गेला (बारा दिवस होता). तुमचा गुडघा दुखतो असं मामींनी कळवलं, पण डावा की उजवा ते लिहिलं नाही, म्हणून आईने दोन्हींना पुरेल इतकं तेल काढून ठेवलं आहे.

तेलावरूनच सांगायचं आहे. रेडिओचा डिप्लोमा करून मी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हापासून वायर लोंबणारी कुठलीही वस्तू माझ्याच टेबलावर येते. दिवाळीनंतर इंग्रजी विभागाचा रेकॉर्ड प्लेअर आला. टी.वाय.च्या वर्गाला दोनशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक आहे. पानवलकर सरांनी त्याच्या रेकॉर्डी मिळवल्या होत्या, थेट थिएटरात, प्रेक्षकांच्या हसण्यासकट भरलेल्या. यंत्र करकरत होतं. मी चार थेंब तेल घातलं. दोन पुरे होते. उरलेले दोन तबकडी फिरवणाऱ्या रबरी चाकावर उतरले, चाक घसरू लागलं आणि मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घ्यायची रेकॉर्ड सव्वीस घेऊ लागली. त्या वेळी मी वर्गात नव्हते (सायन्सच्या मुलांनी भिंगं फोडली होती, ती वेचत होते).

नाटकात एक तरुण बाई आहे, तिच्या मागे लागलेले दोन श्रीमंत ऐदी आहेत आणि एक म्हातारा नोकर आहे. नाटक विनोदी आहे. पण सव्वीस फेऱ्यांवर आवाज खोल जातो आणि वाक्य लांबतं. बाईचा आवाज होडीवर ओरडणाऱ्या तांडेलासारखा येऊ लागला. लांज्याचा दादू उठून म्हणाला, "सर, ही बाई नव्हेच! बाप्या आहे, लुगडं नेसलेला!" सरांनी त्याला खाली बसवलं, थोडा विचार केला आणि फळ्यावर लिहिलं, 'वेषांतर'. ऐदी माणसं रेंगाळत बोलत होती, तो 'जगण्याचा कंटाळा' झाला. प्रेक्षकांचं हसणं तर त्या गतीला हुबेहूब हुंदक्यांसारखं आलं, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. सर नऊ वर्षं हे नाटक विनोदी म्हणून शिकवत आले होते. त्यांनी वर्गाची माफी मागितली म्हणे.

त्या वर्गात सगुणा आहे. बुरोंडीची, वडील मासेमारी करतात, घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. ती म्हणाली, "सर, तो म्हातारा मरायला टेकलाय, नि कुणाचं लक्षच नाही. आमचे आजोबा शेवटी शेवटी अस्सेच बोलायचे." तिने त्यावर अकरा पानी निबंध लिहिला, सरांनी तो तुमच्या मुंबईतल्या विद्यार्थी परिसंवादाला धाडला आणि तो निवडला गेला. या शनिवारी तिने तो वाचायचा आहे.

यंत्र हळू फिरतंय हे मला सोमवारी कळलं. रेकॉर्डवर बावीस मिनिटं छापलेली आणि माझं घड्याळ अठ्ठावीस दाखवत होतं. तबकडीला कागद चिकटवून फेरे मोजले. गप्प राहता आलं असतं (माझी नोकरी अजून कायम नाही). पण मुंबईच्या सभागृहात इंग्रजी जाणणारे शंभर लोक त्या मुलीला हसणार, आणि कारण माझे दोन थेंब. मी चाक स्पिरिटने पुसलं, सगुणाला बोलावलं आणि रेकॉर्ड योग्य गतीने लावली. दादू न बोलावता आला आणि इतका हसला की स्टुलावरून पडला. सगुणा शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मी म्हटलं, "तुझा निबंध माझ्या तेलावर उभा आहे. चूक माझी."

ती म्हणाली, "बाई, आता तो म्हातारा घाईघाईत मरतोय, एवढंच."

मग तिने पुस्तक उघडलं. म्हातारा चार वेळा म्हणतो की गारठा लागतोय, खिडकी लावा. कुणीच लावत नाही. मी तपासलं. चारच वेळा, आणि खिडकी शेवटपर्यंत उघडी आहे. तेलाचा इथे काही संबंध नाही. तिने वेषांतर आणि हुंदके खोडले. सात पानं उरली. ती वाचायची म्हणते.

मामींना नमस्कार सांगावा. गुडघ्याचं नक्की कळवावं.

तुमची भाची,
मालन

ता. क. परिसंवाद शनिवारी सकाळी दहाला आहे, पत्ता मागच्या पानावर. तुम्ही जाऊन पुढे बसावं. इंग्रजी समजलं नाही तरी चालेल. लोक हसले तर तुम्ही हसू नका. मामींना नेऊ नये (त्या दुसऱ्याला पाहून हसतात).

ता. क. दुसरा. पानवलकर सरांना मी काल सगळं सांगितलं. त्यांनी तबकडी बोटाने फिरवून पाहिली. मग म्हणाले, तेल आणखी दोन थेंब घालून बघता येईल का.

ता. क. तिसरा. सगुणा दोन रात्री तुमच्याकडे राहील. तुमचा होकार आला असं मी तिला सांगून टाकलं आहे. हे पत्र तिच्याच हाती दिलं आहे. अनोळखी माणसांशी ती आपणहून बोलत नाही, आणि पत्र लांबलं आहे. तेव्हा मामा, मागे बघा, ती अजून दारातच उभी असेल.