तेहेतीस वाट्या पुडिंग

शनिवार, ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण फोनवर तू नुसता हं म्हणतोस आणि हं वरून तब्येत कळत नाही. म्हणून पत्र.

आईने तुला वीस तारखेच्या सणाला बोलावलंय. मी तिला सुचवलेलं नाही, आपणहून म्हणाली. ऐकून मी हातातलं भांडं खाली ठेवलं. पण एक अट आहे, आणि ती लपवून तुला बोलावणं मला पटत नाही.

अकरा वर्षांपूर्वी याच सणाला आईचं जेवणाआधीचं संयमावरचं चिंतन चाळीस मिनिटं चाललं आणि तू ते संपायच्या आत पुडिंगमध्ये चमचा घातलास. देवाच्या आधी खायचं असेल त्याने आपल्या घरी खावं, असं ती म्हणाली. तू बरं म्हणालास आणि कोट घेऊन गेलास. हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते असं, की त्या दिवसापासून दर सणाला ती तुझा वाटा काढून ठेवते. वर्षाला तीन सण, म्हणजे झाकणाच्या तेहेतीस वाट्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाली की त्याला घरातून जा म्हटलं होतं, जेवणावरून ऊठ म्हटलं नव्हतं. पहिल्या वाटीत तुझ्या चमच्याचा खड्डा अजून तसाच आहे.

त्यापायी आमच्या घरात दोन फ्रीझर आहेत आणि बर्फाला जागा नाही. तुझ्या भावोजींचा पाय मुरगळला तेव्हा सहाव्या वर्षाची एक वाटी घोट्याला बांधली होती. नंतर पुसून जागेवर ठेवली.

तर अट अशी, की राहिलेला वाटा आधी संपवायचा, मग ताजा. आणि प्रत्येक वाटीवर त्या सणाच्या चिंतनाचा कागद चिकटवलेला आहे. तो वाचून झाल्याशिवाय वाटीत चमचा घालायचा नाही.

तू ये. ती परवा जिना चढताना मध्येच थांबली, आणि गुडघ्याला विचारावं तशी म्हणाली, की बारक्या येईल ना. मला तेव्हापासून चैन नाही.

तुझी,
ताई

ता. क. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते याचा गैरफायदा घेऊन सगळ्या वाट्यांचे नमुने तपासले. खायला हरकत नाही. मात्र नमुन्यापुरतं चमचा चमचा तुझ्या वाट्यातलं कमी झालंय, ते तुला सांगायला हवं.


गुरुवार, ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लिफ्ट दुरुस्त करता करता शिडीवर उभा राहून वाचलं आणि शिडीवरच बसलो. खाली दोन बायका लिफ्टची वाट बघत होत्या, त्यांना वाटलं केबल तुटली.

अर्धा तास धरला तरी तेहेतीस चिंतनांचे साडेसोळा तास होतात. मी आजवर लिफ्टमध्ये जास्तीत जास्त सव्वाचार तास अडकलोय, आणि तेव्हा सोबत पुडिंग नव्हतं. एका चिंतनावरून घर सोडलेल्या माणसाला तेहेतीस ऐकायला बोलावणं हे फक्त आपल्या आईलाच जमावं.

तरी रजा टाकलीय. साहेबांनी कारण विचारलं. जुनं पुडिंग संपवायचंय म्हणून सांगितलं, तर त्यांनी आजारपणाची रजा लिहिली.

खरं सांगू का, भीती पुडिंगची नाही. पुन्हा तिथे बसलो आणि पुन्हा माझ्याकडून काही झालं तर? तिसऱ्यांदा बोलवायला ती असेल का? हे वाचून फाडून टाक.

भावोजींच्या घोट्याला नमस्कार.

तुझा,
बारक्या


मंगळवार, १३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र फाडलं नाही. क्षमा कर, माझ्याने पत्रं फाडवत नाहीत.

तू येतोयस हे कळल्यापासून एक गोष्ट मला खात होती. अठरावी वाटी मी खाल्ली. पाच वर्षांपूर्वी, एका दुपारी, फ्रीझरसमोर उभी राहून, चिंतन न वाचता. दुःखात होते, आजारी होते, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला फक्त ती हवी होती. मग वाटीत उकडलेला बटाटा साखर घालून भरला आणि झाकण लावलं. नमुने तपासताना माझाच बटाटा मी भिंगाखाली पाहिला आणि अहवालात खायला योग्य असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण मला ते खोटंच वाटतं.

काल आईला सांगून टाकलं. ती रागावली नाही. तिने निवाडा दिला, की गैरहजर माणसाचा वाटा जिने खाल्ला तिने त्याची गैरहजेरीही भरून काढायला हवी. म्हणजे या सणाला मी घरात नसायचं. तू इथे येणार, तर तुझी खोली मोकळीच आहे. मी तिथे जावं. तुझे भावोजी मध्ये पडायला गेले, तर तिने त्यांना विचारलं की घोट्याला बांधलेल्या वाटीबद्दल आत्ता बोलायचं का. ते बाहेर फिरायला गेले.

मला हा निवाडा न्याय्य वाटतो, हीच खरी अडचण आहे. पण तुमची भेट मला बघायला मिळणार नाही. तेव्हा तू सगळं लिही, काही गाळू नकोस. किल्ली कुठे ठेवतोस ते कळव.

तुझी,
ताई


सोमवार, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. कसं येणार ते शेवटी कळेल. आधी शेवट वाचू नकोस.

शनिवारी तू माझ्या खोलीवर गेलीस आणि मी इकडे पोचलो. आईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, केस गेले रे तुझे. एवढंच. मग हात धुऊन ये म्हणाली, आणि पहिली वाटी समोर आली. ती वाचणार, मी ऐकणार, मग मी खाणार. भावोजी मागे बसून वाटी कोमट करून देणार. शनिवारी सहा झाल्या, काल पाच. मी हूं की चूं केलं नाही, ताई, शपथेवर सांगतो. एकदा जांभई आली ती नाकाने सोडली.

अकराव्या वाटीचा कागद तिने हातात घेतला आणि चष्मा पुसला. त्यावर एवढंच होतं, की आज विषय सुचत नाही, देवा, तो जेवला असेल का? तिने ते नेहमीच्याच खणखणीत आवाजात वाचलं आणि कागद उलटा ठेवला. मी ती वाटी तळापर्यंत खाल्ली. भावोजी उगाचच फ्रीझर पुसत बसले.

आज तेरावी संपली आणि चौदावी सुरू झाली. विषय कृतज्ञता. पान मोठं होतं, दुपार झाली होती, आणि वाचता वाचता आईने समोरचा चमचा उचलला, वाटीत घातला आणि खाल्ला. भूक लागली होती गं तिला. तीन दिवस मला भरवताना ती स्वतः धड जेवलीच नव्हती. मग आम्ही तिघेही त्या चमच्याकडे बघत राहिलो.

मी म्हटलं, खा गं, काय बिघडलं. ती म्हणाली, चिंतन अर्धं आहे. आणि उठून बॅग भरायला लागली. देवाच्या आधी खाणाऱ्याने आपल्या घरी खावं, हे तिचंच म्हणणं होतं ना. भावोजी म्हणाले की आई, हेच तुमचं घर. तर म्हणाली, इथून तर मला आत्ताच घालवलंय. कुणी घालवलं विचारलं, तर म्हणाली, मी. मुलाचं घर आहे तिकडे, तिकडे जाते. मी दारात आडवा उभा राहिलो. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या वाटेत कुणी उभं राहिलं होतं का, असं विचारून तिने मला बाजूला केलं.

तर तीन वाजताच्या बसने ती तुझ्याकडे येतेय, आणि हे पत्र तिच्याच पिशवीत आहे. पाच जिने आहेत. लिफ्टवाला राहतो त्या इमारतीत लिफ्ट नाही, तेव्हा खाली जाऊन थांब, एवढं तुला फोनवर सांगतो.

माझ्याकडून या वेळी काही झालं नाही ना, ताई? मला खरंच कळत नाहीये.

तुझा,
बारक्या


सोमवार संध्याकाळ, तुझ्याच टेबलावरून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. आई सुखरूप पोचली. जिन्यात दोनदा बसली, पण बॅग मला उचलू दिली नाही.

तुझ्याकडून काही झालेलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं मी लिहीत नाही, तुला माहीत आहे.

तिने तुझी खोली पाहिली. खिडकीत ठेवलेली लिफ्टची जुनी बटणं एकेक दाबून पाहिली. मग स्वयंपाकाची भांडी मांडायला घेतली आणि एक पातेलं, एक ताट, एक वाटी यावर काम संपलं. ती एकच वाटी तिने तीनदा घासली. अकरा वर्षं हा एकाच वाटीत खातोय, असं माझ्याकडे न बघता म्हणाली.

परत चल म्हटलं तर ऐकत नाही. आपणहून गेलेल्याने आपणहून यायचं नसतं, असं तिचं म्हणणं. मग मी विचारलं की यायचं तरी कसं. तिने विचार केला आणि सांगितलं, की गैरहजर माणसाचा वाटा घरात काढलेला असला पाहिजे. तो कोण काढणार ते आम्ही दोघींनी शोधलं, आणि उरलास तू. तेव्हा उद्या सणाचं पुडिंग तुला करायचंय. शिळा पाव, लिटरभर दूध, चार अंडी, वाटीभर साखर, मूठभर मनुका. पाव आधी भिजव. अंडी गरम दुधात घालू नकोस, फाटतात. चिंतनही तुलाच करावं लागेल. मोठं नको, पण असू दे, असा निरोप आहे.

उरलेल्या वीस वाट्यांचं काय, असं मी भीत भीत विचारलं. देव बघेल, त्याला वेळ आहे, असं म्हणून ती तुझ्या पलंगावर झोपली.

पत्र शेवटच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते.

तुझी,
ताई


मंगळवार, २० फेब्रुवारी, सणाचा दिवस

ती. आई आणि ती. ताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पुडिंग केलं. अंडी गरम दुधातच घातली, फाटली. पुन्हा केलं. दुसरं खालून लागलंय, पण वरून पुडिंगच दिसतं. भावोजी म्हणतात की वासही पुडिंगचाच आहे.

आधी तुमचे दोघींचे वाटे काढले, मग आमचे. मग मी चिंतनाला उभा राहिलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना, टेबलाला धरून राहिलो. म्हटलं, देवा, आज घरात दोन माणसं कमी आहेत. त्यापुढे काय म्हणायचं ते सुचेना. मोठं करायचं नव्हतं, पण संपवताही येईना. अजून संपलेलं नाही. त्यामुळे इथे कुणी जेवलेलं नाही, आणि भावोजी माझ्याकडे आता बऱ्या नजरेने बघत नाहीत.

ड्रायव्हर परत तिकडे निघालाय, म्हणून उभ्याउभ्या लिहितोय. येतानाच्या बसमध्ये त्याला दोन जागा धरायला सांगितल्यात, खिडकीची आईला.

तुमच्या वाट्या फ्रीझरमध्ये ठेवलेल्या नाहीत. टेबलावर आहेत. या.

तुम्हा दोघींचा,
बारक्या