बाहेरचा रकाना

५ ऑक्टोबर १९९८, सोमवार

लागली नोकरी! बेल्डन काउंटीच्या पार्कचा रखवालदार म्हणून आज रुजू झालो. एकतीस वर्षं कागद गिरणीत बाहेर जाणाऱ्या मालाच्या नोंदी केल्या, गिरणी बंद पडली, आणि बावन्नाव्या वर्षी आता झाडांची राखण करायची. तक्रार नाही. खोली लहान पण ऊबदार आहे. खिडकीतून गाड्या लावायचं मैदान दिसतं आणि मैदानाच्या कडेपासून पायवाट सुरू होते. पाटीवर लिहिलंय : 'खाणीची फेरी. सव्वाचार मैल. मध्यम.'

दुपारी फेरी मारून आलो. आधी बाक, मग ओढ्यावरचा लाकडी पूल, मग पाण्यानं भरलेली जुनी दगडाची खाण, लांबलचक दगडी बांध, आणि शेवटच्या वळणावर पुन्हा आपलं मैदान. पावणेदोन तास लागले. मेपल पिवळेधमक झालेत. चढावर गुडघ्यानं थोडी कुरकुर केली, तेवढीच.

ब्रिटाला पत्र टाकलं. सतरा तारखेला, शनिवारी, ती कॉलेजातून येणार आहे. दोघं मिळून फेरी मारू. घटस्फोटानंतर लेकीबरोबर असा सबंध दिवस मिळालाच नव्हता. मला फार आनंद झालाय, हे इथे लिहून ठेवतो, कारण तिच्या तोंडावर मला ते सांगता येत नाही.

७ ऑक्टोबर, बुधवार

वाटेच्या तोंडाशी खांबावर एक लाकडी पेटी आहे, तिच्यात वही, वर तारीख दाखवणारं घड्याळ. जाणाऱ्यानं नाव लिहायचं, 'आत'च्या रकान्यात वेळ टाकायची, परतल्यावर 'बाहेर'च्या रकान्यात. बाहेरचा रकाना कोरा दिसला की माणूस अजून जंगलात आहे असं धरून आम्ही शोधायला निघायचं. पण लोक परतताना लिहायचं विसरतात आणि सरळ गाडीत बसून घरी जातात! काल मी अशा चौघांना फोन करून बोलावलं आणि त्यांच्याच हातानं वेळा लिहून घेतल्या.

व्हर्ना क्लूगे या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई इथे फुकट काम करतात, पेटी पुसतात, वाटेवरचा कचरा उचलतात. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, अरे बाबा आर्लन, लोक इथे पाय मोकळे करायला येतात, हजेरी द्यायला नाही! मग त्यांनी ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं टेबलावर ठेवलं. जेवण उत्तम.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

वही भरली. पहिल्या पानावर पहिलीच ओळ विचित्र आहे : लेरॉय क्लूगे, आत, १४ ऑक्टोबर १९७१, १.२०. बाहेर कोरं. वही गेल्या वर्षीची आणि नोंद सत्तावीस वर्षांपूर्वीची.

व्हर्नाबाईंना विचारलं. त्यांचा नवरा. बाई गाडीत विणत बसल्या होत्या आणि हा एक फेरी मारून येतो म्हणून गेला. आठवडाभर अख्खा गाव जंगलात होता, टोपीसुद्धा सापडली नाही. तेव्हापासून दर नव्या वहीच्या पहिल्या ओळीवर ती नोंद उतरवायची आणि बाहेरचा रकाना कोरा ठेवायचा, अशी इथली रीत आहे. मलाही तसंच करायला बजावलं. जो आला नाही त्याला आला म्हणायचं नाही, आणि एकाची वेळ दुसऱ्यानं कधीच लिहायची नाही, म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, कधीतरी हे मिटवायला हवं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, मिटवायचं असतं तर पेन माझ्याही हातात होतं रे. आणि हॉटडिशचं भांडं, त्यात अजून दोन घास शिल्लक होते, तसंच उचलून घेऊन गेल्या.

१२ ऑक्टोबर, सोमवार

नवी वही ठेवली. लेरॉयची ओळ उतरवली. पण तो कोरा रकाना दिवसभर डोळ्यांत खुपत राहिला. मला रिकामी जागा बघवत नाही. ब्रिटाचंही तेच. पाच वर्षांची असताना चित्रातलं एक फूल रंगवायचं राहिलं म्हणून ती जेवली नव्हती. वळण माझंच.

शेवटी लिहून टाकलं. बाहेर : १५ ऑक्टोबर, २.१५. तारीख अशीच, मनाला आली ती. म्हातारीच्या गळ्यातलं हे लोढणं कुणीतरी काढायला हवंच होतं. मला बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

नीट लिहितो.

सव्वादोनला वाटेतून एक माणूस बाहेर आला. चाळिशीचा, लाल-काळ्या चौकटीचा लोकरी कोट, अंगावर ओली पानं. मी पेटीजवळच होतो, व्हर्नाबाई पाटी पुसत होत्या. तो मैदानातल्या गाड्यांकडे बघत राहिला. मग बाईंकडे वळून अदबीनं म्हणाला, आजी, माझी बायको इथे गाडीत विणत बसली होती, तुम्ही पाहिलीत का तिला?

बाईंच्या हातातला बोळा पडला. त्यांनी त्याचा हात धरून त्याला गाडीत बसवलं, दार लावलं आणि माझ्याकडे आल्या. मला वाटलं मारतात की काय. हळू आवाजात म्हणाल्या, काय केलंस हे! लेरॉयच्या आधी एक शिकारी असाच आत राहिला होता. कुणीतरी दयेपोटी त्याची वेळ लिहिली, शिकारी बाहेर आला, आणि त्यानंतर जो पहिला आत गेला तो माझा लेरॉय. म्हणून सत्तावीस वर्षं मी पेन उचललं नाही. कुणा दुसऱ्याच्या बायकोला रडवून मला नवरा नको होता.

जाताना वाटेवर साखळी लावायला सांगितली. लावलीय.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

मनाची समजूत घालतोय. तो कुणी पुतण्या असेल. बाई वयस्क आहेत, चेहऱ्यात गफलत झाली असेल. ऑफिसातून फोन आला : शनिवार-रविवारची गर्दी येणार, साखळी काढा. काढली. आज पावसामुळे कुणी फिरकलं नाही.

उद्या दुपारी ब्रिटा येणार. तिच्याआधी सकाळी आपणच एकदा फेरी मारून यावी. काही नसेलच. पण असेल तर ते तिच्या वाट्याला नको.

१७ ऑक्टोबर, शनिवार

आत : ९.१०. नीट लिहिलंय. झाडांवरच्या निळ्या खुणा पुसट झाल्यात म्हणून रंगाचा डबा, ब्रश आणि ही डायरी बरोबर घेतली. बाक, पूल, खाण, बांध. सगळं जागच्या जागी. उगाच घाबरलो.

शेवटच्या वळणानंतर मैदान यायला हवं होतं. बाक आला.

त्याच्या मागच्या झाडावर मीच मघाशी काढलेली निळी खूण. अजून ओली.

फेरी चौथी

घड्याळ चालतंय पण ऊन हलत नाही. सकाळचंच ऊन. मुद्दाम उलटं चालून पाहिलं. बांध, खाण, पूल, बाक. मग पुन्हा बांध.

वाट सोडली आणि सरळ उतारावरून महामार्गाकडे धावलो. ट्रकचा आवाज स्पष्ट येत होता. झुडपं बाजूला केली — समोर बाक. आवाजही गेला.

फेरी अकरावी की बारावी

भूक लागत नाही. दाढीही वाढत नाही. निळी खूण अजून ओलीच. बोट लावलं की रंग येतो.

बाकाच्या खालच्या बाजूला चाकूनं कोरलंय : व्हर्ना. व्हर्ना. व्हर्ना. शेकडो वेळा. मी मोठ्यानं रडलो. ऐकायला कोण आहे!

ब्रिटा आली असेल. खोलीच्या दारात उभी असेल.

फेरी — मोजायचं सोडलं

कुणीतरी माझी वेळ लिहिली तर मी सुटेन. हा विचार सारखा येतो. नको. लिहू नका कुणी. नको —

लिहा —

नाही —

मैदान

मैदान आलं! गाड्या! आकाश! गुडघे टेकले. पेटीवरच्या घड्याळात पावणेचार. तीच शनिवारची तारीख. ब्रिटाची हिरवी गाडी उभी आहे. मी हाका मारतोय, ती गाडीत नाही, खोलीत नाही.

वही उघडी आहे.

माझ्या नावापुढे, बाहेरच्या रकान्यात, ब्रिटाचं अक्षर : ३.३०. शेजारी बारीक अक्षरात — 'बाबा, तुम्ही आणि लिहायला विसरलात! गावात गेलात वाटतं. तोवर मी एकटीच फेरी मारून येते.'

खाली : ब्रिटा टॉरगरसन. आत, ३.३५.

दहा मिनिटं झाली. आत तिला तीन वर्षं झाली असतील, किंवा तीनशे. देवा —

मैदानातच

लिहिलं. तिच्यापुढे, बाहेर, ३.५०. ती येईल.

आता यानंतर जो आत जाईल तो राहील. मैदानात एक कुटुंब गाडीतून उतरलंय. दोन लहान मुलं, धाकटी पेटीकडेच पळत येतेय. त्यांच्याआधी मला जायला हवं. माझं नाव खाली लिहिलंय. आत, ३.५२. ही डायरी पेटीत ठेवतो.

ब्रिटा, सगळं वाच. मग व्हर्नाबाईंकडे जा, त्या सांभाळतील. नवी वही आली की माझी ओळ पहिल्या पानावर उतरव. तेवढंच कर. तुला रिकामी जागा बघवत नाही, मला माहीत आहे, ती सवय माझीच, माझ्यावरच उलटली. तुला इथे बोलावलं तेव्हा मला झालेला आनंद या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलाय, तो वाच.

पानांवर पावलं वाजताहेत. तुझीच. तुला पाहिलं तर माझा पाय निघणार नाही. जातो. पेन खाली ठेव, बाळ. काहीही झालं तरी माझ्या नावापुढे —