सगळं प्रभूच्या हवाली, ब्रेक सोडून

प्रिय दादांस,

धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सादर सलाम. तुमचा खोकला, वहिनींचं पित्त आणि तुमच्या चर्चच्या मंडळीतला तो भलत्याच वरच्या पट्टीत गाणारा गृहस्थ, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही प्रभुकृपेने सुखरूप आहोत. म्हणजे मनगट वगळून. उजवं मनगट प्लास्टरमध्ये असल्यामुळे मी सांगतो आहे आणि तुमची पुतणी लिहिते आहे, तेव्हा अक्षर लागलं तर नवल मानू नये. (काका, मी शब्दाला शब्द लिहिणार आहे. अगदीच राहवलं नाही तर कंसात बोलेन. — लेखनिक)

तुम्हाला ठाऊकच आहे की डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्याने तिला नर्स म्हणून बोलावलंय आणि येत्या सोमवारी तिला निघायचं आहे. पोहोचायला दोन दिवस लागतात आणि फोन करायचा तर टेकडी चढावी लागते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बोलावणं आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर राहीना, तेव्हा तुम्ही पाळक या नात्याने उपाय कळवलात: रोज सकाळी एक वचन वाचावं, त्यावर शांतपणे मनन करावं, आणि उठण्याआधी एक गोष्ट प्रभूच्या हवाली करावी. सुरुवात लहान गोष्टींपासून करा, असंही तुम्ही लिहिलं होतं. त्या वाक्यानेच घात केला, पण मी दोष देत नाही.

पहिल्या दिवशी मी गुडघेदुखी हवाली केली. मग स्वयंपाकघरातला गळका नळ. मग वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकणारा प्राणी, आणि त्याच्यामागोमाग आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. एकेक ओझं उतरत गेलं आणि मला वाटलं, शरण जाणं शरण जाणं म्हणतात ते हेच असेल तर लोक त्याचा एवढा बाऊ कशाला करतात? नळ मात्र गळतच राहिला. प्लंबरला बोलावू का, असं लेकीने विचारलं तेव्हा मी म्हटलं की एकदा एकाला दिलेलं काम दुसऱ्याला देणं बरं दिसत नाही. (शेवटी मीच बोलावलं. तो वायसर बदलून गेला. बाबा म्हणाले, बघ, प्रभूने केलं की नाही! — ले.) हिचं म्हणणं असं की जे मला नकोसंच होतं तेवढंच मी मोठ्या उदारपणे देवाला देतोय. नर्स लोक फार स्पष्ट बोलतात.

आता मनगटाकडे वळतो. आमच्या शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण तो दाबायचा. इतक्या वर्षांत पायाला अशी खोड लागली आहे की जेवताना टेबलाखाली आणि उपासनेत बाकाखालीसुद्धा (प्रवचन लांबलं तर विशेष जोराने) तो आपोआप दाबला जातो. (मी रस्ता ओलांडत असले की बाबा फुटपाथवर उभे राहून दाबतात. मी पाहिलंय. — ले.) तर त्या मंगळवारी वचन आलं ते एका स्तोत्रातलं: आपली वाट प्रभूवर सोपवावी, पुढचं तो पाहील, अशा अर्थाचं. आता वाट म्हटल्यावर ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाने काय समजायचं? मनन करता करता माझ्या ध्यानात आलं की नळ, गुडघा हे सगळं किरकोळ, माझा खरा अविश्वास उजव्या पायात आहे. मी ठरवलं, आज ब्रेक प्रभूच्या हवाली.

पहिली शिकवणी दातांच्या डॉक्टरांची होती. माणूस गुणी. दुसऱ्याच्या तोंडात हात घालताना निर्धास्त असतो, क्लच सोडताना मात्र त्याचा जीव गोळा होतो. खांदे सैल सोडा म्हटलं तर म्हणतो, हेच मी दिवसभर पेशंटना सांगतो, एकही सोडत नाही. त्या दिवशी मी बूट काढून सीटवर मांडी घातली. डॉक्टरांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे (तोंडावर बहुधा शांती असावी), आणि त्यांना दरदरून घाम फुटला. तरी चौकापर्यंत गाडी अशी सुरेख गेली की रविवारी मंडळीपुढे साक्ष काय द्यायची याची मी जुळवाजुळव करू लागलो. वळणावर डॉक्टरांनी ब्रेक समजून भलत्याच पॅडलवर पाय दिला. माझा पाय मांडीखाली अडकलेला. गाडी फुटपाथवर चढली, गादीवाल्याने दुकानापुढे उभ्या करून ठेवलेल्या गाद्यांत शिरली आणि थांबली. कोणाला साधं खरचटलंही नाही. सबंध रस्त्यात नेमकं त्याच जागी गाद्यांचं दुकान असावं, यावर तुम्ही एखादं प्रवचन सहज काढाल. मीही भारावलो. उतरलो आणि आडव्या पडलेल्या एका गादीवर गुडघे टेकून तिथल्या तिथे आभार मानू लागलो. गादीला प्लॅस्टिकचं वेष्टन होतं. गुडघे सटकले, मी हातावर आलो आणि मनगट मोडलं. म्हणजे अपघातात नव्हे, आभारात. गादीवाले त्या वेळी जे बोलले ते तुमची पुतणी लिहून घेणार नाही. डॉक्टर हल्ली बसने जातात.

प्लास्टर घातलं तेव्हा हीच ड्यूटीवर होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बाबा, सोपवणं वेगळं आणि अंग काढून घेणं वेगळं.’ एवढंच. तुम्ही धाडलेल्या सगळ्या वचनांवर मिळून मी जेवढं मनन केलं नसेल तेवढं त्या एका वाक्यावर झालं आहे.

तेव्हापासून सकाळी वाचते ती. मला हात जोडता येत नाहीत, म्हणून प्रार्थनेच्या वेळी ती आपला उजवा हात माझ्या डाव्या हाताला लावते आणि जोडी पुरी होते. मी हल्ली मागतो कमी आणि गप्प जास्त बसतो. कधी एखादी ओळ दिवसभर सोबत राहते, मालक ओरडत असतानाही राहते, आणि मला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं, दादा. आणि कळवण्यास आनंद होतो की काल सकाळी मी हिलाही प्रभूच्या हवाली केलं. मनापासून केलं, हातचं काही राखून ठेवलं नाही. (हे बाबांनी तीनदा सांगितलं. मी एकदाच लिहिलंय. — ले.) सोमवारी तिला गाडीत बसवून देईन आणि तसाच कामावर जाईन.

वहिनींना सलाम सांगावा. प्रार्थनेत आमची आठवण असू द्यावी.

सर्वस्वी शरण गेलेला,
तुमचा धाकटा

ता. क. दादा, हे डाव्या हाताने लिहितोय. ती चहा टाकायला आत गेली आहे. वरचं सगळं खरं आहे, फक्त शेवटचं माझ्याच्याने होत नाही. तोंडाने हवाली करतो आणि आतून घट्ट धरून बसतो. तुम्ही वडीलधारे, शिवाय पाळक. तिला लिहा की घरी राहून बापाकडे पाहणं हीसुद्धा सेवाच आहे. आधाराला एखादं वचन तुम्हीच शोधा. मी शोध शोध शोधलं. शास्त्रात जो तो निघालेलाच आहे, कोणी जाळी टाकून, कोणी घरदार सोडून. ‘थांब’ म्हणणारं एकही मला सापडलं नाही. सोमवारच्या आत पत्र यावं. तिला कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. काका, एका हाताने पाकीट चिकटेना म्हणून ते माझ्याकडे आलं. डाव्या हाताचं मी वाचलं आहे. बाबांना कळू देऊ नका. ते म्हणतात तसं मला काही लिहू नका, आणि त्यांना मात्र लगेच लिहा की त्यांनी मला ‘थांब’ म्हणायचं नाही. वचनं शोधली, तुम्हाला गाठलं, सगळं केलं, पण मला अजून एकदाही म्हणाले नाहीत. रोज सकाळी हाताला हात लावून बसतो तेव्हा मी तेवढंच मागते, की आजही म्हणू नयेत. एकदा जरी म्हणाले ना काका, तर मी जाणार नाही.