आत्यांचं रक्त जातंय कुठे?

अहो, ऐकताय का,

गावच्या शाळेत गुरुजींनी पत्राचे मायने शिकवले होते. वडिलांना कसं लिहायचं, मामलेदाराला कसं लिहायचं. वर गेलेल्या नवऱ्याला काय लिहायचं, ते मात्र राहूनच गेलं. तेव्हा नुसतं अहो. एवढ्यावर तुम्ही घरात कुठंही असलात तरी ओ द्यायचात. आता द्या बघू!

लिहायचं कारण असं, की मी तुमच्या नावावर एक थाप मारलीय. लहानसहान नाही, चांगली मोठी. तुमच्या आईलाच मारली. आणि आज सकाळी त्या थापेचं असं काही झालं, की आता मला तुमचाच संशय येतोय. जन्मभर मला फौजदारीण म्हणून चिडवलंत ना? मग आता द्या जबानी. पण आधी सगळं ऐकून घ्या. मधे बोलू नका. बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, ती वेगळी गोष्ट.

तुम्ही गेलात आणि घरात आम्ही दोघीच उरलो, मी आणि तुमच्या आई, माझ्या आत्या. पहिलं वर्ष आत्यांनी ताठ काढलं. मग हळूहळू त्यांचं काहीतरी बिघडायला लागलं. खडकी बाजारातून येताना जिन्याच्या वळणावर बसायच्या. "काय झालं आत्या?" विचारलं की म्हणायच्या, "काय न्हाई. कुनाच्या घरात काय शिजतंय, वास घेती." भर उन्हात गोधडी पांघरायच्या. त्यांचा तो पक्का गव्हाळ रंग, तो फिका पडत चालला. मी आपली चिडवायची, "आत्या, कुठली पावडर लावता? मलाही द्या की थोडी." आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, वय झालं. आपला निलेश बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, आजीचं वय झालंय." विश्रांतवाडीहून शालन वन्सं आल्या. त्याही म्हणाल्या, "वहिनी, आईचं वय नाही का झालं?"

मला नाही पटलं. का सांगू? तुमच्या छातीत दुखत होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "गॅस झालाय गं, ओवा दे." दिला मी ओवा. तेव्हापासून कुणी सोपं कारण सांगितलं की मला झोप येत नाही. एकदा फसले. दुसऱ्यांदा फसणार नव्हते, आणि तेही तुमच्या आईच्या बाबतीत! हॉस्पिटलात माझा हात धरून काय म्हणाला होतात, "आईकडं बघ." बघतेय की. जरा जास्तच बघतेय.

तशात तांदूळ कमी व्हायला लागले. दोघींचं खाणं ते केवढं, आणि डबा रिकामा! आधी वाटलं उंदीर. मग, रागावू नका हं, तुमच्या बहिणीवर संशय आला. दर गुरुवारी येतात, पिशवी येताना सपाट आणि जाताना फुगलेली. म्हणून एका बुधवारी मी दोन-तीन दिवसांच्या भातापुरते तांदूळ वेगळे काढले, डब्यातले उरलेले हाताने सारखे केले आणि वर बोटाने चंद्रकोर काढली. गुरुवारी वन्सं आल्या, जेवल्या, गेल्या. झाकण उघडलं तर कोर जशीच्या तशी. पिशवीत माझा आवळा सुपारीचा डबा गेला होता, पण तांदूळ नाही. मनातल्या मनात वन्संची अर्धी माफी मागितली.

शुक्रवारी दुपारी बघते तर कोरीच्या जागी मुठीएवढा खड्डा. घरात माणसं किती? दोन. त्यातली एक मी.

गॅलरीत गेले. आत्या तोंडावर पदर धरून बसलेल्या. एक गाल फुगलेला.

"काय खाताय आत्या?"

"काय न्हाई. सुपारी."

"दाखवा बरं."

"मी काय शाळंतली पोर हाय व्हय, तोंड उघडून दावायला?"

पण बोलता बोलता ओठावर तांदळाचा दाणा आला. मग काय, कबुलीच. म्हणाल्या, "ऱ्हावतच न्हाई गं. गालात धरायचं, मऊ झालं की चावायचं. शेजारच्यांनी भिताडाला चुना दिला ना परवा, तर चाटावं वाटलं."

मी म्हटलं, "आत्या, डोहाळे लागलेत का? कुणाला पेढे वाटू?"

"तुझ्या जिभंला काय हाड?" असं म्हणाल्या खऱ्या, पण हसल्या. आणि हसताना दिसलं, ओठाच्या आतली बाजू पांढरीफटक.

तिथेच माझ्या डोक्यात काहीतरी खटकन लागलं. निलेशच्या वेळी मीसुद्धा चुलीची भाजकी माती खायचे, आठवतंय? तेव्हा गावच्या नर्सबाई ओरडल्या होत्या, "अंगात रक्त नाही म्हणून माती मागतंय शरीर." माझं ठीक होतं, पोटात पोर होतं. ह्या म्हातारीच्या पोटात काय आहे?

दुसऱ्या दिवशी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलायला अस्सल पुणेरी. पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सात! बाईमाणसाला बारा तरी पाहिजे म्हणाल्या. मी मुद्दामच म्हटलं, "बाई, सगळे म्हणतात वय झालंय."

"वयानं केस पांढरे होतात. रक्त नाही," बाई म्हणाल्या.

मला ती पोरगी तिथेच आवडली.

मी विचारलं, "मग बीट देऊ? खजूर, गूळ?"

"द्या. पण आधी एक सांगा, घागर सारखी रिकामी होत असेल तर नुसतं पाणी ओतत बसाल की भोक शोधाल? रक्त कमी आहे हे काही आजाराचं नाव नव्हे. एक तर ते अंगात तयार होत नाहीये, नाहीतर कुठून तरी जातंय. कुठं, ते बघायला हवं." मग आत्यांकडे वळून म्हणाल्या, "आजी, शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?"

आत्यांनी पदर डोक्यावर ओढला. "हे काय इचारनं झालं?" म्हणजे होत होतं!

"गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"मी? मी कुठलीच गोळी घेत न्हाई."

इतक्या पटकन उत्तर तुमच्या आईने आयुष्यात दिलं नसेल. मीठ आहे का विचारलं तरी त्या आधी चार घटका गप्प बसतात. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे.

पुढे तपासण्या झाल्या. शौचात रक्त निघालं, डोळ्याला दिसत नाही असं. मग पोटात दुर्बीण घातली. आत जखम, आणि ती थेंब थेंब झिरपतेय. बाईंनी मला बाजूला घेतलं. "अशी जखम बऱ्याचदा दुखण्याच्या गोळ्यांनी होते. आजी नाही म्हणतात, पण घरात बघा. त्या चालूच राहिल्या तर माझं औषध वाया जाईल. आणि एखाद्या दिवशी ही जखम एकदम जोरात वाहिली, तर दवाखान्यात आणायलाही वेळ मिळायचा नाही."

घाबरले हो मी. पुन्हा तेच दार, तोच जिना, तीच हॉस्पिटलची गाडी! नको.

घरातले सगळे कोनाडे शोधले. गादीखाली, देवाच्या मागे, साड्यांच्या घड्यांत. काही नाही. मग नुसती बसून बघत राहिले. आत्या संध्याकाळी दिवा लावतात, मग चंची उघडतात, सुपारी तोंडात टाकतात. आणि वर घोटभर पाणी पितात. आता मला सांगा, सुपारीवर पाणी कोण पितं?

चंची उघडली. सुपारीच्या खांडांत पिवळ्या गोळ्या. मी त्या लगेच ओळखल्या. ओळखणार नाही का? तुमच्या खाकी शर्टाच्या खिशात धुताना कितीदा सापडल्या होत्या!

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला जाऊन दाखवल्या. "काकू, साहेब न्यायचे त्याच की," तो म्हणाला. "आता आजी नेतात, मारुतीला येतात तेव्हा." चिठ्ठी? चिठ्ठी कुणी मागितलीच नव्हती. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही देवाच्या शेजारी बसला असाल.

पण अहो, तुम्ही? तुम्ही सुद्धा कुणाला विचारलं नव्हतंत? तुमच्या फॅक्टरीतल्या कुणीतरी सांगितलं, ह्याने गुडघा थांबतो, आणि तुम्ही आईला चालू केलंत! कधीमधी घ्यायची गोळी, ती रोजची झाली. आणि मला पत्ता नाही. माझ्या नाकाखाली मायलेकरांचा हा धंदा! भांडले असते हो तुमच्याशी, चांगली दोन दिवस भांडले असते.

चंची घेऊन आत्यांसमोर उभी राहिले. "ह्या विष आहेत तुमच्या पोटाला. आजपासून बंद."

आत्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "माझ्या बाळूनं दिलेली गोळी हाय ती. त्यो मला इख दील व्हय?"

"त्यांना माहीत नव्हतं आत्या."

"ड्युटीवरनं आला की आधी माझ्याकडं. बूटसुदिक काढायचा न्हाई. हातावर गोळी ठिवायचा, म्हनायचा, घे आणि पड निवांत. तवा दुखत नसलं तरी घ्यायची मी. आता बी घेती. घेतली की वाटतं, आला घरी."

मी चंची होती तिथे ठेवली आणि भाजी चिरायला गेले. दुसरं काय करणार होते?

रात्रभर विचार केला. म्हातारी माझं ऐकणार नाही, डॉक्टरचं नाही, लेकीचं नाही. ऐकेल तर एकाचंच. म्हणून सकाळी चहा देताना म्हटलं, "आत्या, काल ते आले होते स्वप्नात."

"कुनाच्या?"

"माझ्या."

"आन् माझ्या न्हाई?"

"तुमच्याकडेच आले होते. पण तुम्ही गोळी घेऊन झोपलेल्या. हाका मारल्या, तुम्ही उठला नाहीत. मग माझ्याकडे निरोप ठेवला, आईला म्हणावं त्या गोळ्या आता बास."

आत्यांनी बशी खाली ठेवली. फौजदारीण मी, पण त्या दिवशी उलटतपासणी त्यांनी घेतली. कापडं कुठली होती? खाकी. वाळलाय का? नाही. मग म्हणाल्या, "काय म्हनून हाक मारली मला?"

मी "आई" म्हणणारच होते. तुम्ही आमच्यादेखत आईच म्हणायचात. पण तुम्हाला गाडीतून नेताना, डोळे मिटलेले असताना, तुम्ही एकदाच बोलला होतात. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आये," मी म्हटलं. त्या सगळ्या थापेत तेवढं एक खरं होतं.

आत्यांनी बशी बाजूला सारली. मग चंची काढून माझ्या पुढ्यात सरकवली. "ठिव तुझ्याकडं. पर माझ्या सपनात येऊन त्यानं सोता सांगितलं पायजे. न्हाई आला, तर परत दे."

झाली का पंचाईत! रोज सकाळी मी भीतभीत विचारायची, "आले का?" "न्हाई." गोळ्या कचऱ्यात टाकून आले होते, पण मेडिकलवाला काय पुण्यात एकच आहे? गुडघे धरून म्हातारी कण्हायची, मी तेल चोळायची आणि तुम्हाला शिव्या घालायची. एरवी न बोलावता यायचात, आता काम पडलं तर पत्ता नाही!

आणि आज सकाळी आत्या आपणहून म्हणाल्या, "आला व्हता."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. "कोण?"

"कोन म्हंजी? तुझा नवरा."

"काय म्हणाले?"

"बूट काढून ठिवलं बाजूला. पायाशी बसला, गुडघं चोळलं. म्हनला, आये, बास कर आता गोळ्या."

"आणि... माझ्याबद्दल काही?"

आत्यांनी चहाचा भुरका मारला. चेहरा असा, की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण बरा. "म्हनला, तिला सांग, माझ्या नावावर थापा मारत जाऊ नको."

आता बोला! खरंच आला होतात का तुम्ही? आला असाल तर माझी खाट हातभर अंतरावर होती, मला ओलांडून गेलात? की म्हातारीने माझी थाप पहिल्याच दिवशी ओळखली होती, आणि तरीही चंची दिली? विचारलं तर म्हणाल्या, "चंची आन इकडं. निसती सुपारी घालून." एवढंच. मला तुम्हा दोघांचाही संशय आहे. सुटका नाही.

माझं एक वचन घ्या. आजपासून रोज संध्याकाळी, तुमच्या यायच्या वेळेला, डॉक्टरीणबाईंनी दिलेली लोहाची गोळी मीच आत्यांच्या हातावर ठेवणार. चहाबरोबर नाही, बाईंनी बजावलंय. लिंबाच्या सरबताबरोबर. आणि अशीतशी नाही ठेवणार. दारातून थेट त्यांच्यापाशी जाणार, चपला न काढता. फरशीवर चपला बघून त्या मला लाखोली वाहतील. वाहू देत. शिव्या देता देता गिळतील.

आणि तुमच्या नावावर पुन्हा थाप मारणार नाही. अगदीच अडल्याशिवाय.

दार नुसतं लोटलेलं असतं.

तुमची,
फौजदारीण