गुडघाभर चिखल

नेरूळ. सोमवार, संध्याकाळ.

बाबांनी खुनासाठी जन्मठेप दिलेला माणूस आज हायकोर्टातून निर्दोष सुटला. निवृत्त न्यायाधीशाला हे सांगायचं कसं, यातच माझी दुपार गेली. शेवटी निकालपत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

ते एका परिच्छेदावर थांबले आणि तो मला मोठ्याने वाचायला लावला. साक्षीदार म्हणाला होता, होडी जेट्टीला लावताना मी खून पाहिला. पोलीस पंधरा मिनिटांत पोचले होते, आणि त्यांच्या पंचनाम्यात जेट्टीभोवती गुडघाभर चिखल. म्हणजे ओहोटी. होडी तिथे येणारच नाही.

"जन्म खाडीकाठी गेला आणि मला ओहोटी दिसली नाही. बरोबर लिहिलंय. पुन्हा वाच गं."

मी पुन्हा वाचलं. गुडघाभर चिखल.

आई म्हणाली, "अहो, निकाल फिरवलाय तुमचा. माना कसल्या डोलावताय?"

"सुटला ना तो."

मला असं म्हणता आलं असतं? नाही.

"सहा वर्षं आत होता," एवढंच पुढे बोलले. मी हे लिहितेय आणि ते अजून वाचताहेत. चिखलाचं पान केव्हाच मागे पडलं. आपलं आणखी काय चुकलं, ते शोधताहेत.