पानावर आडवा हात

पाटण,
१५ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या पायांना हात लावून, पण दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, नमस्कार. निर्गुडीचं तेल संपलं असेल तर कळव, इथल्या वैद्यांकडून पुन्हा आणून पाठवतो. दाजींना म्हणावं, हळद उकडायच्या कढईजवळ उभे राहू नका. धुरानं खोकला वाढतो आणि मग ते दोष तुझ्या आमटीला देतात. आम्ही सगळे खुशाल आहोत. (‘खुशाल’ हा शब्द मी लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला. प्रकृतीनं खुशाल आहोत, एवढाच त्याचा अर्थ घे.)

तुझं कार्ड मिळालं. रविवारी तुमच्या गावच्या आप्पासोंनी आम्हाला वाईच्या स्टँडसमोर पाहिलं, आम्ही तुमच्याच जीपमध्ये होतो, तुझा कृष्णात गाडी चालवत होता, रंगू जरीचं ठेवणीतलं पातळ नेसली होती, विजूच्या वेणीत अबोली होती आणि आप्पासोंनी हाक मारली तरी कुणी वळून पाहिलं नाही, असं तू लिहितेस. सगळं खरं आहे. हाक ऐकू आली होती. आम्ही सगळ्यांनी एकदम दुसऱ्या बाजूच्या देवळाच्या कळसाकडे पाहिलं, रंगूनं तर हातही जोडले. आता तू थोरली बहीण म्हणून विचारलंच आहेस, तर लपवणं मला जमणार नाही. विजूला दाखवायला नेलं होतं.

इथे तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस. विजूच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून ‘ही माझ्या कृष्णातची’ असं तू म्हणालीस ते सगळ्या भावकीनं ऐकलं आहे, आणि भावाच्या लेकीवर बहिणीच्या घराचा पहिला हक्क, ही आपल्यातली रीत मी विसरलेलो नाही. मी तिकडे कुणालाही शब्द दिलेला नाही. तुझ्या होकाराशिवाय देणारही नाही. पण पाचगणीला जे घडलं ते आधी वाच आणि मग राग धर.

मुलाचं नाव जयसिंग. लष्करात कॅप्टन आहे, सुट्टीवर आला आहे. वडील हंबीरराव हे निवृत्त सुभेदार, आई मनुबाई. घर कोरेगावकडचं, उसाची शेती आपल्यासारखीच. मुलानं कळवलं की मुलीला पाटावर बसवून तिला स्वयंपाक येतो का, गाता येतं का, असं विचारत बसणं त्याला पटत नाही. त्यापेक्षा दोन्ही घरांनी एकदा मिळून जेवू. त्यानं जागा ठरवली ती साहेबाच्या वेळचा एक बंगला, जिथे आता एका पारशी बाईंचं हॉटेल आहे. पत्र वाचून माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर उत्पन्न झाला आणि धास्तीही बसली. (दोन्ही एकाच वेळी झालं. मी रोजनिशीत आधी आदराची नोंद केली, म्हणून तो आधी आला असं नव्हे.)

पहिला पेच खाण्याचाच होता. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांचं अन्न खावं का? आणि हॉटेलातलं अन्न हे मुलाकडचं म्हणायचं की पारशी बाईंचं? मी यावर दोन रात्री विचार केला. रंगूनं एका वाक्यात निकाल दिला, “सोयरीक व्हायच्या आदीच ताटावर तुटून पडलो तर म्हनतील, ही पोरगी द्याया आलीत का जेवाया?” म्हणून ठरलं ते असं : पहिल्यांदा वाढायला आले की ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा पानावर हात आडवा धरायचा आणि तिसऱ्यांदा त्यांनी आग्रह केला की थोडंसं घ्यायचं. आपल्याकडे सगळेच असं करतात, त्यात ठरवायचं ते काय, असं तू म्हणशील. बरोबर. पण मला ठरवल्याशिवाय काही करता येत नाही.

आक्का, ती जागा मी तुला कशी दाखवू? पसरणीचा घाट चढून गेलो तेव्हा हवा अशी स्वच्छ होती की आपण श्वास घेतला तर तिच्यावर डाग पडेल असं वाटावं. फाटकापासून दारापर्यंत गुलाब, आणि एकाही फुलाला कुणी हात लावलेला नाही. आत शिसवी टेबलं, त्यांवर पांढरीशुभ्र कापडं. इतकी शुभ्र की मी कोपर कुठे टेकायचं या चिंतेत जेवण होईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. प्रत्येकाच्या ताटलीत रुमालाचं एक कमळ करून ठेवलेलं. ते मोडायचं असतं हे कुणाला ठाऊक? म्हणजे कॅप्टनला ठाऊक असणार, पण आम्ही कुणी मोडत नाही म्हटल्यावर त्यानंही मोडलं नाही. भिंतीत एक मोठी शेगडी होती आणि तिच्यात भर दुपारी ओंडके जळत होते. रंगू बराच वेळ तिकडे बघत होती. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “येवढा जाळ हाय, आन् वर भांडं न्हाई?” मी तिला हळूच सांगितलं की तो नुसता ऊब आणि शोभा म्हणून असतो. त्या वाया जाणाऱ्या जाळाकडे तिनं पाठ केली.

मग आतलं दार उघडलं आणि एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. पांढरा कोट, कमरेला हिरवा पट्टा, डोक्यावर तुऱ्याचा फेटा. मी ताडकन उभा राहिलो आणि वाकून नमस्कार केला. मी उभा राहिलो म्हणून रंगू आणि विजू उभ्या राहिल्या. सुभेदारांना वाटलं, हे पाटणचे साहेब ज्या अर्थी उठले त्या अर्थी माणूस मोठा असणार, म्हणून ते उठले, आणि लष्करातल्या सवयीनं एकदम ताठ उभे राहिले. त्या गृहस्थांनीही आम्हाला आदबीनं सलाम केला आणि सांगितलं की त्यांचं नाव पीरमहंमद, गाव वाई, आणि ते वाढायला आले आहेत. (मी खाली बसलो खरा, पण नंतर प्रत्येक वेळी ते आले की माझे गुडघे आपोआप अर्धे सरळ होत. आमचे लोक सगळ्या जेवणभर जागच्या जागी खाली-वर होत होते. मला त्यात आजही काही चूक वाटत नाही. त्या माणसाच्या चालण्यात अशी काही प्रतिष्ठा होती की बसून राहणं मला उद्धटपणाचं वाटलं असतं.)

पहिल्यांदा सूप आलं. त्याची वाफ नाकात गेली आणि पहाटे पाटणहून निघताना घेतलेला अर्धा कप चहा आठवला. पण सुरुवात कुणी करायची? मी सुभेदारांना म्हणालो, आपण करा. ते म्हणाले, छे छे, पाहुण्यांनी आधी. मनुबाई नवऱ्याआधी चमचा उचलणार नव्हत्या, रंगू विहिणीआधी उचलणार नव्हती आणि कॅप्टन तर वडिलांच्या आधी पाणीही पीत नव्हता. मेसमध्येही त्यांच्यात वरिष्ठानं सुरुवात केल्याशिवाय कुणी घास घेत नाही म्हणे. आम्ही सहाजण एकमेकांना ‘तुम्ही’, ‘नाही तुम्ही’ म्हणत हसत होतो, आणि पीरमहंमद भिंतीशी उभे राहून वाट पाहत होते. सूप थंड झालं. त्यांना वाटलं, मंडळींना आवडलेलं दिसत नाही. एकेक वाटी त्यांनी इतक्या हळुवारपणे उचलून नेली की ती गेली हे मला ती गेल्यावर कळलं.

मग मासा आला. चांदीच्या थाळीत, वर लिंबाची चकती. तो पीरमहंमदांनी आधी रंगूसमोर धरला. रंगू ठरल्याप्रमाणे म्हणाली, “नगं.” पीरमहंमदांनी मान लववली आणि थाळी पुढे नेली. रंगू माझ्याकडे बघायला लागली. दुसरी वेळ येईल, मी डोळ्यांनी सांगितलं. थाळी मनुबाईंकडे गेली; त्याही ‘नगं’ म्हणाल्या. सुभेदारांनी तर पहिल्यापासूनच ताटलीवर हात आडवा धरला होता. तू दाजींना पंक्तीत वाढताना पाहिलं आहेस. समोरच्यानं पानावर हात आडवा धरला की ते त्याच्या बोटांच्या फटीतून बासुंदी सोडतात, आणि त्यालाच आपण वाढणं म्हणतो. इथे हात आडवा धरला की माणूस झुकून मागे सरतो. थाळी टेबलाला पूर्ण प्रदक्षिणा घालून, जशी आली तशी, लिंबाच्या चकतीसह आत गेली. दुसरी वेळ आलीच नाही.

मला त्या माणसाचा राग आला नाही, आक्का. उलट मी थक्क झालो. माझ्या शब्दाला इतका मान आजवर कुणी दिलेला नाही. कचेरीत मी दहा वेळा ‘नाही’ म्हटलेलं कुणी ऐकत नाही, घरात तर नाहीच. आणि इथे मी एकदा हळू आवाजात ‘नको’ म्हटल्याबरोबर अख्खा मासा परत गेला. पण मग मनात आलं, मी जे बोलतो त्यात खरं किती असतं? त्यांनी माझं बोलणं खरं मानलं ही चूक त्यांची की माझी? असा विचार करतो आहे तोवर कोंबडी आली. भाजलेली, तांबूस, बाजूला बटाटे. मी या वेळी पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणायचं असा निश्चय केला. पण सुभेदार म्हणाले, “आमचं झालं बुवा, तुमी घ्या.” आता ते एवढे भारदस्त गृहस्थ नको म्हणतात आणि मुलीचा बाप हावऱ्यासारखा तंगडी उचलतो, हे दिसायला कसं दिसलं असतं? मीही म्हणालो, “पोट भरलं.” (हे धडधडीत असत्य होतं. रोजनिशीत तसं नोंदवलं आहे.) कोंबडी गेली. मनुबाई तिच्या मागे दारापर्यंत नजरेनं गेल्या.

आम्हाला वाटत होतं, किती संयमी घराणं आहे हे. त्यांनाही आमच्याबद्दल तेच वाटत होतं. सुभेदार कौतुकानं म्हणालेसुद्धा, “तुमचा आहार लय बेताचा दिसतोय.” आणि एवढ्यात माझ्या पोटातून असा आवाज झाला की मला खुर्ची सरकवून तो झाकावा लागला. रंगूचा चेहरा उतरला. मी मनात म्हणत होतो, अशा घरात पोरगी दिली तर ती आयुष्यभर अर्धपोटी राहील. आणि नाही दिली तर असा मुलगा पुन्हा मिळणार नाही.

शेवटी पुडिंग आलं. सोनेरी, थरथरणारं, वरून पाक ओघळत असलेलं. थाळी रंगूपाशी आली आणि, काय सांगू, तिचा हात सवयीनं आडवा गेला. पीरमहंमद झुकले. थाळी मागे सरली. त्याच वेळी आमची विजू, जी सकाळपासून ‘हं’ आणि ‘नाही’ याखेरीज एक शब्द बोलली नव्हती, ती स्पष्ट आवाजात म्हणाली, “चाचा, थांबा. ते इथंच ठेवा. आम्हाला सगळ्यांनाच भूक लागलीय, पण कुणी बोलत नाही. आणि ती कोंबडी परत आणता येईल का?”

शेगडीतला एक ओंडका फुटला. मी कमळाकडे बघत होतो. संपलं, मला वाटलं. दाखवायला आणलेल्या मुलीनं जेवण मागितलं. आता घरी जाऊन नकाराच्या पत्राची वाट पाहायची. सुभेदारांच्या मिशा हलल्या. पण बोलल्या त्या मनुबाई, आणि नवऱ्याकडे वळून बोलल्या, “आवं, पोरीनं तोंड उगडलं म्हनून. न्हाईतर मी हितंच घेरी यिऊन पडले असते! तुमचं आपलं ‘आमचं झालं, आमचं झालं’. काय झालं वो तुमचं? पानी?”

“मला वाटलं, ह्ये साहेब लोक—” सुभेदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

“आन् आमास्नी वाटलं तुमी!” रंगू म्हणाली.

कॅप्टन इतका वेळ ताठ बसला होता. तो विजूला म्हणाला, “मी सुपापासूनच हे म्हणणार होतो. हिंमत झाली नाही.” विजू म्हणाली, “सीमेवर बरे उभे राहता मग.” आणि तो माणूस खुर्चीत मागे टेकून असा मोकळा हसला, आक्का, की मी लेकीचा बाप असूनही मला तिचा हेवा वाटला. पीरमहंमद मात्र अवघडून म्हणाले की कोंबडी आता उरलेली नाही. पण त्यांनी पाव, लोणी, ऑम्लेटं, बटाटे, स्ट्रॉबेरीचा मुरंबा असं जे जे होतं ते आणलं, आणि या वेळी कुणीही कुणासाठी थांबलं नाही. सुभेदारांनी कमळ मोडून गळ्यात बांधलं. उठताना मनुबाईंनी विजूच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “ही आमच्याकडं यिऊ द्या. आमच्यात खरं बोलनारं मानूस न्हाई.”

मी त्यांना काय सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो : “माझ्या आक्काला विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.” त्यांनी गुढीपाडव्यापर्यंत वाट पाहण्याचं मान्य केलं आहे.

तुझ्या पायांशी, आणि उत्तराच्या वाटेवर बसलेला,
नाथाजी

ता. क. : म्हणजे मागणं एवढंच की पाळण्याची ती दोरी तू आपल्या हातानं सोडावीस, आणि आत्या म्हणून विजूला पहिली हळद तू लावावीस. तू ‘नाही’ कळवलंस तर ते मी पहिलं ‘नाही’ धरीन आणि स्वतः वाळव्याला येऊन आणखी दोनदा विचारीन.

ता. क. दुसरा : मासा आणि कोंबडी कुठे गेली ते घाट उतरताना कळलं. कृष्णात जीपशी थांबला होता. परत गेलेली प्रत्येक थाळी पारशी बाईंनी ‘ड्रायव्हरला द्या’ म्हणून त्याच्याकडे पाठवली. तो म्हणाला, “मामा, लय भारी जेवन हाय हितलं. सूप तेवढं थंड हुतं.”

ता. क. तिसरा : त्याच घाटात तो आणखीही बोलला. ‘इजूचं नाक पुसलंय मी, तिच्याशी लगीन कसलं? आईला तुमीच सांगा, माझी छाती न्हाई.’ कॅप्टनचं स्थळही त्यानंच सुचवलं होतं. हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं का, यावर मी बराच विचार केला.

वन्सं, पाया पडते. रंगू लिहिते. ह्यांनी येवढं लिवलं, पन मुद्द्याचं लिवलं न्हाई. कृष्णात जीपचं काम निघालंय म्हनून तुमास्नी निरोप धाडतोय त्ये खोटं हाय. जीप चांगली हाय. तुमच्या म्होरं यायचं भ्या वाटतंय म्हनून रविवारपास्नं आमच्या माडीवर बसलाय. तवा लवकर होकार कळवा आन् पोराला घिऊन जावा. लय खातोय.