गाडी रात्री कुठे असते?

दि. ४ मार्च

ती. रू. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी घरी आल्याचं कळलं. आयुष्यभर हॉटेलच्या पाहुण्यांच्या गाड्या चालवून शेवटी तुम्ही स्वतःसाठी एक घेतलीत, तीही विजेवरची आणि अशी राजेशाही, की फोटो पाहून आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्ही नक्की ड्रायव्हरच होतात ना, असं विचारलं. मला फार अभिमान वाटला.

आता विम्याचं. फोनवर मी तुम्हाला बोलू देत नाही अशी तुमची तक्रार, म्हणून लिहूनच कळवते. तीन कंपन्यांचे दर मागवले. एक्स-रे काढताना दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगते, आकडे बघून माझाच रोखला गेला. अशा गाडीत बॅटरी म्हणजे अर्धी गाडी, आणि दुरुस्ती जाणणारे मोजके, म्हणून दर चढे. निळ्या पाटीवाली कंपनी स्वस्त आहे, पण बॅटरी विम्यात धरत नाही. मग राहिलं काय, आरसे? छत्रीवाली बॅटरी धरते, पण काही झालं तर पहिला मोठा खर्च आपल्या गळ्यात. तिसरी सगळं देते, महागही तीच, पण गाडी रात्री कुलूपबंद गॅरेजमध्ये असेल तर दर एक तृतीयांशाने उतरतो. आपल्याकडे गॅरेज आहेच, तेव्हा प्रश्न मिटला.

घरात किती जण राहतात असंही विचारलंय. तिथे 'एक' लिहिताना आईची आठवण आली.

काकांचा पत्ता कळवा. गाद्या-सोफ्यांचं दुकान बंद केल्यापासून त्यांचं पत्र नाही. मला काळजी लागली आहे.

लोभ आहेच, त्याला विमा लागत नाही.

तुमची,
गुंडी


दि. ९ मार्च

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. एवढी खटपट केलीस, बरं वाटलं. पण गाडी गॅरेजमध्ये ठेवता येणार नाही. दार अडकतं. शिवाय आत सामान आहे. शिवाय ती दारासमोर रस्त्यावर शोभून दिसते. चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढली आहे. शेजारच्या शिक्षिकाबाई ती ओलांडून जातात आणि आयता व्यायाम होतो म्हणतात.

तू छत्रीवालीचंच बघ. मी सांभाळून चालवेन, खर्च यायचाच नाही.

गाडी फार गुणी आहे. सुरू झाली की नाही ते कळतसुद्धा नाही. फक्त सीटची शिवण कच्ची आहे, असं कानावर आलं.

तुझा काका मजेत आहे. पत्ता सध्या पक्का नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, वाढवून मागितलेस तरी मिळतील.

तुझे,
अप्पा


दि. १३ मार्च

ती. रू. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

एका प्रश्नाला तीन कारणं म्हणजे एकही खरं नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले. छत्रीवालीचं विसरा. रस्त्यावर कोणी गाडी घासून गेलं, तर तुम्ही चार दिवस जेवणार नाही, मला ठाऊक आहे.

मी पुढच्या महिन्यात पहिल्याच रविवारी येते आणि गॅरेज रिकामं करते. भंगारवाल्यालाही सांगून ठेवलंय. तुम्ही फक्त चहा करा आणि मध्ये मध्ये करू नका.

माया असू द्या, आणि राग असला तर रविवारपर्यंत राखून ठेवा.

तुमची,
गुंडी


दि. १६ मार्च

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

भंगारवाल्याला आणू नकोस. गॅरेजमध्ये सामान नाही, मी आहे.

दुकान गेलं, पाठोपाठ भाड्याची खोली सुटली. दादाला म्हटलं, चार दिवस गॅरेजमध्ये टेकतो. तेव्हापासून इथेच आहे. दादा रोज घरात ये म्हणतो, मी ऐकत नाही. गॅरेजमध्ये माणूस पाहुणा असतो गं, घरात शिरला की ओझं होतो. तुला कळवायचं नाही अशी शपथ मीच घातली होती. त्याच्यावर चिडू नकोस. बिचाऱ्याला खोटं धड बोलताही येत नाही.

पण त्याने एवढ्या हौसेने घेतलेली गाडी माझ्यापायी उघड्यावर आहे. तो रात्री घटकेघटकेला उठून खिडकीतून तिच्याकडे बघतो, मला बघवत नाही. महिनाअखेर मी निघतो. ओळखीच्याच्या गोदामात एक कोपरा मिळतोय. दादाला आत्ता सांगू नकोस.

तू माझी बटणं गिळलीस तेव्हा तुझं नाव गुंडी मीच ठेवलं. पुढे अक्षरं शिकलीस आणि पत्रांत अप्पाला 'तीर्थरूप', मला 'तीर्थस्वरूप' लिहू लागलीस. शाळेत शिकवतात तसंच, रूप आईबापाला, स्वरूप इतर वडीलधाऱ्यांना. बरोबरच आहे. मी त्या 'स्व'मध्ये सुखी आहे.

आठवण ठेव, एवढीही पुष्कळ.

तुझा,
काका


दि. १८ मार्च

ती. रू. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

वरचा मायना पुन्हा वाचा. चूक झालेली नाही.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग खूप राग आला. सीटच्या शिवणीला नावं ठेवणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी इथे एवढ्या काळजीत, आणि तुम्ही गाडीच्या जागेवर बिछाना घालून बसलात.

माझी खोली रिकामी आहे. पलंग करकरतो, तो तुम्ही दुरुस्त करालच. कपाटाचा खालचा खण माझा, त्याला हात लावायचा नाही.

तिसऱ्या कंपनीचा विमा आज काढला. गाडी रात्री कुठे असते, तर गॅरेजमध्ये. घरात किती जण, तर दोन. सोफे पोचवायला टेम्पो चालवायचात, तेव्हा तुमचं नाव चालक म्हणूनही घातलं. त्याने दर थोडा चढला. चढू दे, घरचं माणूस फुकट मिळत नाही. आता तुम्ही गोदामात गेलात तर माझं लिहिलेलं खोटं ठरेल. मला खोटं पाडायचं असेल तर खुशाल जा.

नाहीतर मुकाट्याने घरात या.

तुमची,
गुंडी


दि. २४ मार्च

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

गाडी आत गेली, खिडकीतली वायर काढली. शिक्षिकाबाईंचा व्यायाम बंद झाला. तुझा काका कालपासून तुझ्या खोलीत आहे. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आणि मला वाचायला देत नाही. फक्त मायना दाखवला, तोही अंगठ्याने बाकीचं झाकून. मला म्हणाला, दादा, जरा चष्मा लावून वाच.

मी मोठ्याने वाचलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

रविवारी ये, भंगारवाल्याशिवाय. जिवाला जप.

तुझे,
अप्पा

ता. क. शिवण उसवली आहे, रविवारपर्यंत पक्की घालतो. खालचा खण उघडलेला नाही.
तुझा, 'स्व' गळलेला
काका